नारंगखारचा कानोसा

भिंतीला कान असतात असं आपण नुसतं म्हणतो. नारंगखारच्या लोकांनी मात्र आपल्या बांधाला खरोखरच कान बसवले, आणि ते बसवणारी भाविका घरत त्याच गावची लेक होती.

हा बांध म्हणजे दोन शेतांमधला गवताळ उंचवटा नव्हे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये पुरुषभर उंचीचा, कोसभर लांबीचा मातीचा बांध. भरतीचं खारं पाणी बाहेर थोपवायचं आणि शेतात साठलेलं पावसाचं पाणी ओहोटी लागली की उघाडीच्या लाकडी दारांमधून खाडीत सोडून द्यायचं, यावर सगळ्या गावाचं पोट. बांध कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. ऐंशी घरांची मिळून जोळ होती, म्हणजे बांध राखणाऱ्यांचं मंडळ. बांधावर थाळी वाजली की घरटी एक माणूस फावडं घेऊन धावलाच पाहिजे, मग तो ताटावर बसलेला असो की बोहल्यावर उभा असो. एवढं करूनही खांड पडली, बांध फुटून कुणाच्या शेतात खारं पाणी शिरलंच, तर त्या वर्षी बाकीची घरं त्या घराला टोपली टोपली भात नेऊन देत. आज याची पाळी, उद्या माझी, एवढंच त्यामागचं शास्त्र.

पण समुद्राला जोळीचे नियम ठाऊक नव्हते. भाविका शाळेत होती तेव्हा उधाणाची रेघ बांधाच्या कमरेला असायची; ती पाणी आणि मातीचं शिक्षण घेऊन, दहा वर्षं बाहेर नोकरी करून परतली तोवर रेघ छातीपर्यंत चढली होती. सरकारी संशोधन केंद्राने खारं पाणी सोसणारं नवं भात दिलं होतं. त्याच्या मुळांवर वाढणारे सूक्ष्म जीव मिठाला रोपाच्या आत शिरू देत नसत. भात चांगलं होतं, पण तेही खाऱ्या पाण्यात आठवडाभर तग धरी, महिनाभर नाही. तेव्हा नवं भात आलं तरी बांधावाचून सुटका नव्हती.

भाविकाने बांधाच्या पोटात काचेची तार पुरली, केसाएवढी बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तारेत एका टोकाने प्रकाशाचा ठिपका सोडला की वाटेत प्रत्येक जागेवरून त्याचा कणभर अंश मागे परततो. ती जागा गरम असली तर हा परतलेला प्रकाश एका तऱ्हेचा असतो, थंड असली तर दुसऱ्या, आणि परतायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते. बांधाची माती आणि खाडीचं पाणी यांची ऊब कधीच सारखी नसते. खेकड्याच्या बिळातून पाण्याची धार आत येऊ लागली की तेवढीच माती निवते किंवा तापते, आणि डोळ्यांना ओल दिसायच्या कितीतरी आधी यंत्राला ती कळते. मग ऐंशी घरांचे फोन एकदम थाळीच्या आवाजात वाजतात. या यंत्राचं नाव तिने ठेवलं होतं कानोसा.

"बांधाची मुंज केलीस गो तू," तार पुरली जात असताना हसूकाका म्हणाले होते. "जानवा घातला त्याला."

हसुराम म्हात्रे, गावाचे हसूकाका, भाविकाच्या बापाचे मित्र. त्यांचं शेत खालच्या खारात, म्हणजे बांधाआडच्या सखल खारजमिनीत, अगदी उघाडीला लागून. भाविका शिकायला बाहेर होती आणि तिचे वडील पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा सलग तीन वर्षं घरतांची लावणी हसूकाका आणि गुलाबकाकींनी केली होती, तीही स्वतःची उरकायच्या आधी. लहानपणी बांधावर ओलसर बिळात चिखलाचा गोळा कसा ठासायचा, टाच कशी मारायची, हे तिला त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्या हसण्यावरून त्यांचं नाव पडलं की नावावरून ते हसरे झाले, यावर गावात दोन मतं होती.

कानोशाने पहिल्या तीन वर्षांत बांध एकदाही फुटू दिला नाही. फोन वाजायचा, ऐंशी घरं धावायची, पाणी टोकाला चढायच्या आत बीळ बुजलेलं असायचं. आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला येऊ लागले. भाविकाचं नाव वर्तमानपत्रात आलं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडलं. कुणाला आवडत नाही?

इथवर सगळं नीट होतं. घोडं अडलं ते पुढे.

तीन वर्षांची माहिती जमली तशी तिने यंत्राला आणखी एक काम शिकवलं. उधाणं, वारा, पाऊस, बांधाचं वय, जमिनीची उंची, खेकडे, हे सगळं घेऊन यंत्र येत्या वीस वर्षांचे पावसाळे हजारो वेळा रचून बघे. कधी बांध इथे फुटे, कधी तिथे. त्यातून कुठल्या शेतात किती वेळा खारं पाणी शिरतं ते मोजलं की प्रत्येक शेताचं भविष्य हाती येई. जे शेत बहुतेक वेळा वाचतं ते हिरवं, जे बहुतेक वेळा बुडतं ते तांबडं. या हिशेबात आणखी एक गोष्ट तिने घातली होती. पाझर सुरू झाल्यावर किती हात धावतात, ती. तिथे तिने तीन वर्षांचा अनुभव घातला होता: ऐंशी हात, वेळेवर.

गावाला याची कुणकुण लागायला वेळ लागला नाही. "आमच्या शेताची पत्रिका दाखव" म्हणून जो तो मागे लागला. देवळाच्या मंडपात तिने पडदा लावला आणि नकाशा उजळला. वरचा खार हिरवागार दिसला. उघाडीच्या अंगाची पंचवीस-तीस शेतं तांबडी होती, आणि त्यांच्या बरोबर मध्यभागी हसूकाकांचं.

मंडपात आधी टाळ्या झाल्या. मग आपापलं शेत शोधण्याची झुंबड उडाली. हिरवंवाले खुशीत एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. तांबडंवाले आपलं शेत पुन्हा पुन्हा बोटाने शोधून बघू लागले.

"माज्या शेताला मंगल हाय वाटते," हसूकाका मोठ्याने म्हणाले. "आता शेताचा लगीन जमवाचा कसा?"

सगळे हसले. भाविकाही हसली. घरतांचं शेत पडद्यावर वरच्या खाराच्या खालच्या कडेला होतं, पोपटाच्या पिसासारखं हिरवं, आणि आपण ते सगळ्यांत आधी पाहिलं हे तिच्या नंतर लक्षात आलं.

त्या वर्षी काही बिघडलं नाही. फक्त फोन वाजल्यावर बांधावर पूर्वीसारखी गर्दी होईना. वरच्या खारातला कुणी दुकानात असे, कुणाच्या मुलाची परीक्षा असे. येत नाही असं कुणीच म्हणत नव्हतं. त्या पावसाळ्यात हसूकाकांच्या शेताच्या कडेला लहानशी खांड पडली, तेव्हा टोपल्या आल्या, पण निम्म्या. भांडण नाही, तंटा नाही. पूर्वी टोपली देताना माणसाला वाटे, उद्या हे माझ्यावर येऊ शकतं. आता त्याला ठाऊक होतं की येणार नाही. न ठाऊक असण्यावरच एवढी जोळ उभी होती, हे कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण तसं बोलायची वेळच आली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात जितेश ठाकूर भाविकाच्या घरी आला. वरच्या खारातल्या शेतकऱ्यांनी मिळून नव्या भाताच्या बियाण्याचं काम सुरू केलं होतं, त्याचा तो प्रमुख. बोलायला मधासारखा.

"ताई, खालचे काय आपल्याला परके आहेत?" चहाची बशी बाजूला सारत तो म्हणाला. "पण नवं भात खारं पाणी सोसत असलं तरी बियाण्यासाठी राखलेल्या पिकात त्याचा थेंब चालत नाही. वरच्या आणि खालच्या खाराच्या मध्ये एक बांध घातला तर निदान अर्धं गाव तरी निश्चिंत होईल. तुमचं यंत्रच सांगतंय ना, कुठे धोका आहे ते."

भाविकाचा धाकटा भाऊ निकेत शेजारी बसला होता. घरची शेती तोच बघायचा. "बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "बुडणाऱ्याबरोबर आपण का बुडायचं?"

"जोळीत विचारा," भाविका म्हणाली. आपण जबाबदारी झटकली असं तिला वाटलं नाही. ही रीतच होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिने यंत्रापुढे बसून दोन गोष्टी करून पाहिल्या. पहिल्यांदा मधला बांध ठेवला, तो कधी फुटणारच नाही असं धरून, आणि बाहेरच्या बांधावर धावणारे हात निम्म्यावर आणले, कारण आपलं शेत सुरक्षित झाल्यावर वरचे लोक बाहेर कशाला धावतील? पडद्यावर एक-दोन पावसाळ्यांतच बाहेरचा बांध फुटला आणि सबंध खालचा खार एकदम तांबडा झाला. मग तिने मधला बांध काढून टाकला, ऐंशी हात पुन्हा जागेवर ठेवले आणि दरवर्षी बाहेरच्या बांधावर थोडी थोडी माती चढवत गेली. या वेळी वीस वर्षांत चार-पाच शेतं गेली, बाकी सगळं तगलं. म्हणजे नकाशातला हिरवा रंग नुसता जमिनीच्या उंचीचा नव्हता. त्यात हसूकाकांचे हात होते, खालच्या खारातल्या तीस घरांचे हात होते. नकाशा दाखवताना ही गोष्ट तिने सांगितली नव्हती, कारण तेव्हा ती तिला सांगण्याजोगी वाटली नव्हती. पावसाचा अंदाज सांगितला म्हणून पाऊस बदलत नाही, पण माणसांना त्यांचं भविष्य दाखवलं की माणसं बदलतात, आणि मग ते भविष्यही खोटं ठरतं.

दोन्ही वेळा घरतांचं शेत हिरवंच राहिलं होतं.

बैठकीत जितेश गोड बोलला. खालच्या खारातले लोक चिडले, मग गयावया करू लागले, मग पुन्हा चिडले. कुणीतरी म्हणालं, "एका हाताने टाळी वाजत नाय, तुमी गेल्यावर आमी बांधाला काय नुसता हात लावून उभं ऱ्हायचा?" शेवटी हसूकाका उठले.

"आपन कशाला भांडतो?" ते म्हणाले. "भाविका हाय ना हितं. पोरी, तू सांग. मधला बांध घातला तं मशीन काय बोलते?"

सगळा मंडप तिच्याकडे वळला. निकेत बघत होता. जितेश बघत होता. शेजारच्या सात गावांनी कानोसा मागवला होता, आणि त्या कामाची परवानगी पुढच्याच आठवड्यात येणार होती. गावात फूट पडल्याची बोंब झाली असती तर ती अडकली असती. असे सगळे विचार तिच्या मनात त्या क्षणी आले, निदान पुढे तिने स्वतःला तसं सांगितलं.

"मधला बांध झाला तर वरचा खार सुरक्षित राहतो," ती म्हणाली.

"आनि खालचा?"

"खालच्याला धोका आहेच, काका. तो आधीही होता."

एकही शब्द खोटा नव्हता. हसूकाकांनी मान हलवली, जणू एवढंच हवं होतं, आणि ते खाली बसले. हात वर झाले. मधला बांध मंजूर झाला.

बांध झटपट झाला. यंत्रांनी मुरूम आणून टाकला आणि पावसाळ्याआधी तो उभाही राहिला. त्या भाद्रपदात, सर्वपित्री अमावास्येला, दुपारचं उधाण मोठं होतं. खाडीवर नैर्ऋत्येचा वारा सुटला होता. घरोघरी पितरांची पानं वाढली जात होती, कौलांवर पान ठेवून कावळ्यांची वाट बघत माणसं अंगणात उभी होती, तेवढ्यात सगळे फोन एकदम थाळीसारखे वाजले. उघाडीच्या डाव्या हाताला पाझर होता.

भाविका धावत बांधावर पोचली. खालच्या खारातली बायामाणसं तिथे होती, ओंजळीने, फावड्याने, पाटीने माती टाकत होती. ती सगळी मिळून तीसही नसतील. कुणाच्या हाताला अजून पानावरच्या भाताची शितं चिकटलेली होती. तिने जितेशला फोन केला. "येतो, येतो, पान ठेवलंय, कावळा शिवला की निघतो," तो म्हणाला. तिने निकेतला फोन केला. त्याने उचललाच नाही.

एक पाझर बुजला की कानोसा दुसरा सांगे, दुसऱ्याकडे धावलं की तिसरा. यंत्र आपलं काम चोख करत होतं. जागा अचूक सांगत होतं, आणि सांगितलेल्या जागी माती टाकायला हात नव्हते. हसूकाका गुडघाभर चिखलात उभे राहून एका बिळाला टाच देत होते. त्यांच्या अंगाला अंग लावून भाविकाही टाच देत होती. दोघांनाही बोलायला फुरसत नव्हती.

मग त्यांच्यापासून दहा-बारा हातांवर बांध हलकेच बसला, पोत्यातून धान्य ओघळावं तसा, आणि खाडी आत आली.

भात पोटरीत होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. पाणी आठवड्याभरात काय, महिनाभरातही हटलं नाही, कारण खांड इतकी रुंद झाली होती की ती बुजवायला सबंध गाव लागलं असतं. मधला बांध टिकला. वरचा खार वाचला.

वरच्या लोकांनी मदत केली नाही असं नाही. टेम्पो भरून भात खालच्या आळीत गेलं. टेम्पोला कापडी फलक होता, फोटो काढले गेले, जितेशने चार शब्द सांगितले. हसूकाकांनी पोतं घेतलं आणि हात जोडले. जोळीत कधी कुणी टोपली घेताना हात जोडले नव्हते. भाविका टेम्पोच्या मागे उभी होती, आणि तिला पुढे जायचा धीर झाला नाही.

वर्ष उलटायच्या आत खालच्या खारातली बहुतेक घरं उठली. जमिनी कोळंबीच्या तलावांसाठी दीर्घ मुदतीने देऊन टाकल्या गेल्या. कुणी उरणला गेलं, कुणी पनवेलला. हसूकाका आणि गुलाबकाकी पेणला लेकीकडे राहायला गेले.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर भाविकाने यंत्राला नव्याने हिशेब करायला लावला. आता खाडीचं तोंड मधल्या बांधावर होतं. तो घाईत घातलेला मुरमाचा बांध खाडीच्या लाटा झेलण्यासाठी घातलेलाच नव्हता, आणि त्यावर धावायला फक्त वरची पन्नास घरं होती, त्यांतलीही किती येतील कोण जाणे. पडद्यावर वरच्या खाराची पुढची ओळ तांबडी झाली. घरतांचं शेत त्या ओळीत पहिलं होतं.

एकच वाट उरली होती. बाहेरचा बांध पुन्हा उभा करायचा, आणि त्यासाठी ऐंशीच्या ऐंशी घरं परत एका जोळीत आणायची. खालचे लोक कुणाच्या बोलावण्यावरून येतील, तर ते हसूकाकांच्या. ती पेणला गेली.

हसूकाका गणपतीच्या कारखान्यात होते. गणपतींचे दिवस जवळ येत होते आणि शाडूच्या मातीचे ढीग पडले होते. ते पाटावर बसून माती मळत होते, त्याच जुन्या सवयीच्या हातांनी, तळव्याने दाबून आणि मुठीने ठोकून.

"ये बाय," ते म्हणाले. "बस. बांध हाय तिथं चिखल, गनपती हाय तिथं माती. आपला नशीब चिखलातच." आणि ते हसले.

तिने भरभर सगळं सांगितलं. सगळे एकत्र आले, बाहेरचा बांध उचलला, दरवर्षी थोडी माती चढवली, तर वीस वर्षं गाव तगू शकतं. वरचंही आणि खालचंही. यंत्राने हजारदा करून पाहिलंय.

"खालती आता तलाव हायेत," हसूकाका म्हणाले. "जमिनीवर सह्या झाल्या. लोकांनी पोरांना शालंत घातलंय हिकडं. कोन येनार?" मग त्यांनी विचारलं, "पन सगले आले तं बांध टिकतो, हे खरा?"

"खरं, काका."

"हे तुना कवा समजला?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. त्यांनी ते मानलंही असतं. पण मळलेल्या मातीवर ठेवलेल्या त्यांच्या हातांकडे बघत तिला ते जमलं नाही.

"बैठकीच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली.

हसूकाकांचे हात थांबले. कारखान्यात पलीकडे कुणीतरी सोंडेला आकार देत रेडिओबरोबर गुणगुणत होतं.

"मंग मी भर मंडपात इचारला तवा का नाय बोललीस?"

सात गावांचं काम, परवानगी, निकेत, जितेश, सगळी कारणं तिच्या ओठांशी आली. त्यांतलं एकही खरं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा ते तिला नीट दिसलं.

"माझं शेत हिरवं होतं, काका," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही.

हसूकाकांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एवढे दिवस जिला आपण आपली पोर समजत होतो ती आपली होती की नव्हती, याचा अंदाज घेत असावेत तसं. मग त्यांनी ओलं फडकं मातीवर झाकलं.

"माजा हिरवा असता," ते हळूच म्हणाले, "तं मी बोललो असतो."

ही बढाई नव्हती. त्यांनी नेमकं तेच केलं असतं, हे भाविकाला जेवढं ठाऊक होतं तेवढं दुसऱ्या कुणालाही नव्हतं. ते उठले, हात धुतले आणि तिला चहा सांगायला बाहेर गेले.